चकोली आणि तिचं साडेतीन हजारांचं किट

आधी हिशेब सांगतो, मग बाकीचं. टारँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचं किट ३,४५० रुपये, कोळ्याचं पिल्लू १,८००, पुण्याला जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. दोन वर्षं झाली. त्यातलं आज वापरात काय आहे? एक लांब चिमटा, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) उरलेली अर्धी वीट आणि स्वतः कोळी. बाकी सगळं माळ्यावर. एक वस्तू तेवढी स्वयंपाकघरात आहे, तिचं पुढं सांगतो.

लातूरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेले सबमर्सिबल पंप, कूलरच्या मोटारी, मिक्सर. उन्हाळ्यात मान वर करायला सवड नसते, पावसाळ्यात माश्या मारत बसतो. कुठलीही वस्तू हातात आली की पेच काढून आत बघायची खोड पंचवीस वर्षांची आहे, म्हणून हा रिव्ह्यू जरा तसाच होईल. किट घेतलं त्या दुकानाचं नाव लिहीत नाही. पुण्यातलं आहे, पाळीव मासे, पक्षी आणि आता हे असले प्राणी विकतात. असलीच किटं ऑनलाइनही मिळतात, त्यामुळं एकट्या त्याच्यावर राग नाही.

टारँटुलाचं वेड खरं तर पोरीचं. ती तेव्हा आठवीत होती. मोबाइलवर बघून तीन महिने मागं लागली. मी म्हटलं, बघून तर येऊ. बघायला गेलो आणि घेऊनच आलो. पोरीचं वेड तीन आठवड्यांत उतरलं, माझं राहिलं. घरी आल्यावर आईनं डबीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "आरं, घरात कातीन काय कमी हायत का, पैसे देऊन आनलास?" तिचंही चूक नव्हतं. नखाएवढं पिल्लू होतं. करड्या रंगाचं, कुठंही न हलणारं. साध्या कोळ्यात आणि याच्यात फरक काय, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

जात आहे चाको गोल्डन नी. शास्त्रीय नाव ग्रामोस्टोला पुल्क्रिपेस. मोठी झाली की पायांच्या सांध्यांवर सोनेरी पट्टे येतात, पायाच्या टोकापासून टोकापर्यंत सात-आठ इंच भरते. चाको म्हणजे दक्षिण अमेरिकेतला ग्रान चाको, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाकडचा मुलूख. पोरीनं चाकोची चकोली केली. आमच्याकडं वरणफळांना चकोल्या म्हणतात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

आता किट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, नवशिक्यांसाठी सर्व काही एकाच ठिकाणी.

पहिली वस्तू ॲक्रिलिकची पेटी. एक फूट लांब, एक फूट उंच, वर जाळीचं झाकण. काम सुबक आहे, सांधे चिकटवलेत ते नीट, बिजागरी पण बरी. फक्त ती या प्राण्यासाठी नाही. चाको जमिनीवर राहणारी, बीळ करणारी. अंगानं जड. फूटभर उंचीच्या भिंतीवर चढली आणि वरून खाली पडली, तर पोट फुटतं आणि खेळ संपला. टारँटुलाचं पोट म्हणजे पाण्यानं भरलेला फुगा समजा. मातीच्या वर मोकळी उंची किती असावी, तर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपट, फार तर. त्यात जाळीचं झाकण. पायाच्या टोकाची बारीक नखं जाळीच्या भोकात अडकतात, मग तो लोंबकळतो आणि पाय तुटतो. पेटी झाडावर राहणाऱ्या जातीसाठी बनवलीय आणि स्टिकर बदलून सगळ्यांना विकतायत, असा माझा अंदाज.

शिवाय नखाएवढ्या पिल्लाला फूटभराची पेटी म्हणजे टाऊन हॉलच्या मैदानात एकट्याला वाटीभर भात ठेवून सांगायचं, शोध आणि खा. शिकार एका कोपऱ्यात, हे दुसऱ्या कोपऱ्यात. दहा दिवस काही खाल्लं नाही तेव्हा मी तिला उचलून पाव किलोच्या श्रीखंडाच्या पारदर्शक डब्यात टाकलं. डब्याला बाजूनं सोल्डरिंग गनच्या बारीक बिटनं वीस-बावीस भोकं पाडली, आतून कड घासून घेतली. भोक पिल्लाच्या पाठीच्या भागापेक्षा लहान हवं, कारण जिथून तो भाग जातो तिथून अख्खा कोळी जातो. त्याच रात्री तिनं खाल्लं. डब्याची किंमत श्रीखंडात वसूल.

दुसरी वस्तू हीटिंग मॅट. इथं मी माझ्या धंद्यावर आलो. वर सात वॅट लिहिलंय, मोजले तर साडेसहा निघाले, तेवढी बेइमानी कुणीही करतं. वायर दुहेरी इन्सुलेशनची, काम चांगलं. पण थर्मोस्टॅट नाही. म्हणजे एकदा प्लग लावला की ती तापतच राहणार. फरशीवर ठेवून, वर पेटी ठेवून, तासाभरानं मल्टिमीटरचा तापमानाचा प्रोब लावला तर ४६ अंश. आणि पुस्तिकेत लिहिलंय, मॅट पेटीच्या खाली ठेवा.

जमिनीत राहणारा प्राणी उकडायला लागलं की काय करतो? खाली जातो. लाखो वर्षांची सवय आहे, खाली गारवा असतो. इथं तो खाली जाणार आणि तव्यावर बसणार. वर यायचं त्याच्या डोक्यात येणारच नाही. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, थंडीत लागतं ते." मी म्हटलं, साहेब, मी लातूरहून बोलतोय. मे महिन्यात आमच्या घरात माणसाला काढून फ्रिजमध्ये ठेवावं वाटतं. डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत पारा उतरतो, पण तो बाहेर. बंद खोलीत भिंतीतल्या कपाटात अठराच्या खाली मी कधी बघितलं नाही. त्या दिवसांत चकोली कमी खाते, कमी हलते, एवढंच. माणसाला स्वेटर पुरतो अशा घरात या जातीला हीटर लागत नाही.

मॅट फुकट गेली नाही मात्र. थंडीत आमच्याकडं दही लागत नाही. बायकोनं ती मॅट विरजणाच्या पातेल्याखाली ठेवली, वर टॉवेल गुंडाळला, सकाळी दही असं घट्ट की चमचा उभा राहावा. त्या कामासाठी मी तिला पाचपैकी पाच देईन. कोळ्यासाठी शून्य.

तिसरी, हवेतला दमटपणा दाखवणारं तबकडीचं घड्याळ. हे तपासायची एक सोपी युक्ती आहे, घरी कुणीही करू शकतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून ओलसर करा, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ टक्क्यांवर हवा. माझा ५१ वर होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, ५२. म्हणजे निदान एका मतावर ठाम तरी होता. हे मीटर बघून तुम्ही पाणी फवारत बसलात तर खोकं दलदल होईल, बुरशी येईल आणि कोळी भिंतीला चिकटून राहील, कारण ओल्या मातीत पाय ठेवायला त्याला आवडत नाही.

किट बनवणाऱ्याच्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं दिसतं. टारँटुला म्हणजे जंगल, जंगल म्हणजे उकाडा आणि चिखल. म्हणून हीटर, म्हणून फवारा, म्हणून प्लॅस्टिकच्या वेली. आता चाकोबद्दल वाचलं तर काय निघालं? कोरडा सपाट भाग, काटेरी झुडपं, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार, ठराविक महिन्यांतच पाऊस, एरवी ठणठणाट. आणि जंगल तोडून आता तिथं गुरं चारतात आणि सोयाबीन पेरतात. सोयाबीन! मला एकट्यालाच हसू आलं. आमचं आडत बाजार ज्याच्यावर चालतं तेच. हा प्राणी तर आमच्या भावकीतला निघाला, आणि त्याला मी पुण्याहून हीटर आणि फवारा आणला.

ज्या गावानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आलेलं पाणी प्यायलंय, त्या गावात कोळ्याच्या घरावर सकाळ-संध्याकाळ फवारे मारायचे म्हटल्यावर आई काय म्हणाली ते इथं लिहिता येत नाही. पण गंमत म्हणजे शास्त्रानंही तिचीच बाजू बरोबर निघाली. मोठ्या चाकोला कोरडी माती आणि पाण्याची एक उथळ वाटी पुरते. पिल्लू असताना मात्र थोडं जपावं लागतं, त्याची कातडी पातळ असते आणि अंगातलं पाणी लवकर उडतं. एप्रिलमध्ये आमच्याकडं हवा भाजक्या पापडासारखी असते. तेव्हा मी सुई काढलेल्या सिरिंजनं डब्याच्या एकाच कोपऱ्यात मातीच्या कडेनं पाणी सोडायचो, आठवड्यातून दोनदा. अर्धी माती ओलसर, अर्धी कोरडी. तिला हवं तिथं ती बसते. पाण्याची वाटी म्हणजे बिसलेरीचं झाकण. किटमध्ये वाटीत ठेवायला स्पंज दिलाय. तो फेकून द्या. कोळी स्पंजातून पाणी पीत नाही, स्पंजात फक्त घाण साठते.

जीवनसत्त्वाचा स्प्रे नावाची बाटली होती. मागं घटक लिहिलेले नाहीत. उघडली नाही, बोलत नाही.

प्लॅस्टिकच्या वेलीची तार टोकाला उघडी होती, बोटाला लागली. नारळाच्या करवंटीचा अर्धा तुकडा घासून उलटा ठेवला, त्याखाली तिनं स्वतःच माती उकरून खोली केली. किटमधली प्लॅस्टिकची गुहा तिनं पाण्याची वाटी समजून मातीनं भरून टाकली. वाटीत माती भरायची सवय या प्राण्याला का आहे, देव जाणे. दर आठवड्याला झाकण धुवायचं आणि दर आठवड्याला तिनं ते बुजवायचं, असं आमचं चाललंय.

चिमटा मात्र एक नंबर. दहा इंची, स्टेनलेस, टोकं बरोबर जुळतात, दाब मऊ. मी दुसरा मागवला, दुकानात वापरतो. फक्त त्या चिमट्यासाठी मी किटला शून्याऐवजी दोन तारे देतोय. कोकोपीटची वीटही ठीक, पण ती लातूरात कुठल्याही नर्सरीत शंभर-दीडशेला मिळते. खत मिसळलेली घेऊ नका, नुसतं कोकोपीट म्हणून सांगा. पाण्यात फुलवून, पिळून, दोन दिवस सावलीत वाळवून मग हातानं दाबून भरायचं. भुसभुशीत ठेवलं तर तिच्या बिळाचं छत ढासळतं.

पुस्तिका आठ पानांची आहे. त्यात कोळ्याचे फोटो सहा. आणि जे लिहायला हवं होतं ते एक वाक्य कुठंच नाही. त्याची गोष्ट आता.

आणल्यापासून चौथ्या महिन्यात, एप्रिल संपत आला होता. चकोलीनं खाणं सोडलं. एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे. पोट फुगलेलं, वरचा फिकट टक्कल पडल्यासारखा भाग काळा पडत चालला. मी दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, स्प्रे मारा, ताकद येईल. बाहेर त्रेचाळीस अंश, दिवसातून दोनदा लाइट जायची. मला वाटलं, उन्हानं गेली आता ही. खोलीतून उचलून स्वयंपाकघरात माठाच्या मागं शहाबादी फरशीवर ठेवली. घरात तीच एक जागा गार. मी प्रोबनं मोजलं, खोलीत ३८ होतं तेव्हा माठाच्या मागच्या फरशीवर ३०. किटवाल्यांनी कूलिंगसाठी काही दिलंय का? नाही. हीटर दिलाय.

फरशीवर ठेवलं म्हणजे मुंग्या आल्या. मुंग्यांना औषध मारायचं नाही, ते पुढं सांगतो. मग आईचीच युक्ती, गुळाचा डबा ठेवतात तसा कोळ्याचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला. ताटलीत डबा, शेजारी माठ, वर देवघराचा कोनाडा. येणाऱ्या पाहुण्याला वाटायचं, काही व्रत चालू आहे.

एक दिवस पहाटे पाच वाजता आईनं हाक मारली. "ऊठ रं, मेलंय ते. पाय वर करून पडलंय." जाऊन बघितलं तर खरंच उताणी. आठी पाय पसरलेले, हालचाल नाही. आई म्हणाली, फेकून दे, सकाळच्या पारी घरात मेलेलं नको. मी डबा उचलला, कचऱ्याच्या बादलीपर्यंत गेलो, झाकणाला हात लावला. आणि का कुणास ठाऊक, धंद्याची सवय म्हणा, जळालेली मोटारही एकदा हातानं फिरवून बघितल्याशिवाय भंगारात टाकत नाही, तसा बॅटरी मारून बारीक बघत बसलो. एका पायाच्या सांध्यापाशी काहीतरी थरथरलं.

ती कात टाकत होती. टारँटुला कात टाकताना पाठीवर झोपतो. मेलेला कोळी कधी उताणा पसरत नाही. तो सरळ असतो आणि पाय पोटाखाली मुडपून घेतो, मूठ आवळल्यासारखे. आणि हे वाक्य पुस्तिकेत नाही. आठ पानं आहेत, वेलींचे तीन प्रकार दाखवलेत, आणि उताणा कोळी म्हणजे मेलेला नव्हे हे नाही. मी विचार करतो, किती जणांनी जिवंत जनावर कचऱ्यात टाकलं असेल.

मग आई, मी आणि पोरगी तिघं फरशीवर मांडी घालून बसलो. हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, डबा हलवायचा नाही. त्या वेळी तिचं सगळं अंग, सुळेसुद्धा, साबुदाण्यासारखं मऊ असतं. आधी पाठीचं झाकण टोपीसारखं उघडलं. मग एकेक पाय जुन्या पायातून असा उपसून काढला, जसा ओल्या बांगडीतून हात निघतो. दीड तास लागला. बाहेर आलेली चकोली पांढुरकी, ओली, आधीपेक्षा मोठी. ही एवढी त्या एवढ्यातून कशी निघाली, असं आई तीन वेळा म्हणाली. आणि मग स्वतःशीच, "कात टाकती म्हनून कातीन म्हनत असतील." हे भाषेच्या दृष्टीनं खरं की खोटं मला ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून तिनं फेकून दे म्हणणं बंद केलं.

कात टाकल्यावर लगेच खायला द्यायचं नाही. सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. काळे झाले की द्यायचं, पिल्लाला आठवडाभर आणि मोठ्याला दोन आठवडे तरी लागतात. आणि खाणं सोडलेल्या कोळ्याच्या डब्यात जिवंत रातकिडा रात्रभर सोडून ठेवू नका. कात टाकताना कोळी असा असहाय असतो की रातकिडाच त्याला कुरतडतो.

आतापर्यंत सहा काती झाल्या. त्या मी तारखा टाकून काडेपेटीत ठेवल्यात. शेवटची थोडी मोठी होती. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजवली, ब्रशनं पोटाचा भाग उलगडला आणि सर्किट बघायच्या भिंगाखाली धरली. पुढच्या दोन पुस्तक-फुप्फुसांच्या (पुस्तकाच्या पानांसारखी कोळ्याची फुप्फुसं) मधल्या पट्टीवर घडी दिसली, खिशाच्या आतल्या शिवणीसारखी. म्हणजे मादी. नर असता तर वयात आल्यावर वर्ष-दीड वर्षात संपला असता. मादी वीस वर्षं जगू शकते. मी चव्वेचाळीसचा आहे. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

खाण्याचं. पुण्याहून रातकिडे मागवले, अर्धे वाटेतच मेले. झुरळं पाळायचं म्हटल्यावर हिनं सांगितलं, "आवं, एक तर ती ऱ्हाईल नाही तर मी." शेवटी मीलवर्म जमले. गिरणीतून गव्हाचा कोंडा आणायचा, चपट्या डब्यात तीन बोटं भरायचा, ओलाव्यासाठी गाजराचा तुकडा टाकायचा. अळ्या, मग कोष, मग काळे किडे, मग पुन्हा अळ्या. वास नाही, उड्या नाहीत, आवाज नाही. देताना अळीचं डोकं चिमट्यानं दाबायचं, नाही तर ती मातीत घुसते आणि किडा होऊन महिन्यानं वर येते. पिल्लाला आठवड्यातून दोनदा, आता आठ-दहा दिवसांतून एकदा. शिकार तिच्या पोटापेक्षा मोठी नको. खर्च महिन्याला वीस रुपये धरा. दुकानातला बोका याहून महाग पडतो.

भाचा औशाकडच्या शेतातून नाकतोडे भरून बाटली घेऊन आला होता. मी घेतले नाहीत. आपल्याकडं सोयाबीनवर, कापसावर काय काय आणि कितीदा मारतात ते त्यालाच विचारा. नाकतोडा जिवंत दिसला म्हणून त्याच्या अंगात विष नाही असं होत नाही, आणि कोळी म्हणजे शेवटी किड्यांचाच चुलत भाऊ; किड्याला जे मारतं ते त्यालाही मारतं. हीच गोष्ट घराची. ज्या खोलीत कोळी आहे तिथं झुरळाचा स्प्रे नको, खडूच्या रेघा नकोत, डासांची अगरबत्ती नको, मच्छर मारायचं लिक्विड नको. धान्याच्या कोठीत गोळ्या ठेवता तेव्हा तर अजिबात नको. त्यांचा वायू माणसालाही मारतो. आम्ही आता ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालतो आणि डासांसाठी मच्छरदाणी लावतो. मी तिला आधी दुकानात ठेवणार होतो, पण तिथं वार्निश आणि थिनरचा वास चोवीस तास. तो बेत सोडला. मराठवाड्यात टारँटुला पाळणाऱ्याला उन्हाची काळजी कमी आणि या डब्या-बाटल्यांची जास्त करावी लागते. किटच्या पुस्तिकेत यावर एक ओळ नाही.

चावते का, हा प्रश्न गिऱ्हाईक पंप खाली ठेवायच्या आधी विचारतं. चाको शांत आहे. चावलीच तर गांधीलमाशीइतकं समजा. तिचं खरं हत्यार पोटावरचे केस. चिडली की मागच्या पायांनी केस झाडते, डोळ्याला दिसत नाहीत असे बारीक. डबा साफ करताना एकदा मनगटावर बसले, दोन दिवस खाजकुयली लागल्यासारखं झालं. सेलोटेप चिकटवून ओढला, मग धुतलं. डोळ्यात गेले तर थेट डॉक्टर गाठावा लागतो, म्हणून आता चष्मा लावल्याशिवाय झाकण उघडत नाही. आणि हातावर घेत नाही. गल्लीतली पोरं रोज मागतात. तिला आवडत नाही, मला गरज नाही, आणि हातातून पडली तर काय होतं ते वर लिहिलंय.

दुकानदाराच्या विक्रीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं निळ्या रंगाचा कोळी दाखवला. अस्सल निळा, मोरपिसासारखा. म्हणाला, "हा घ्या, आपलाच देशी आहे." देशी आहे हे खरं. पोसिलोथेरिया मेटॅलिका. आंध्रातल्या गुत्तीला सापडला, १८९९ मध्ये पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं. गुत्ती म्हणजे मुंबई-चेन्नई लाइनवरचं स्टेशन, तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत पहिला नमुना मिळाला होता. त्यानंतर शंभर वर्षं कुणाला दिसला नाही, २००१ मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा दिसला. आता अतिधोक्यात आलेल्या प्राण्यांत त्याची गणती होते, आणि पोसिलोथेरियाच्या सगळ्याच जाती २०१९ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. शिवाय झाडावरचा, विजेसारखा पळणारा, आणि चावला तर दिवसचे दिवस स्नायूंत गोळे येतात. नवख्या माणसाला हा प्राणी "घ्या" म्हणून दाखवणारा दुकानदार उद्या पोराला थ्री फेजचा स्टार्टर खेळायला देईल.

म्हणून सांगतो, घ्यायच्या आधी शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि पक्कं बिल मागा. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. साइट्सच्या यादीतला विदेशी प्राणी जवळ असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. नवशिक्यांना सर्रास विकली जाणारी लाल गुडघ्याची मेक्सिकन ब्राकिपेल्मा त्या यादीत आहे. माझ्या जातीचं नाव मी यादीत शोधलं, सापडलं नाही. तरी बिल फाइलला लावून ठेवलंय. "नोंदबिंद कोण बघतंय" असं म्हणणाऱ्याच्या दुकानातून बाहेर या. आणि शेताच्या बांधावर रेशमी अस्तराचं बीळ दिसलं तर उकरू नका, आपल्याकडचेही मोठे कोळी आहेत, ते बांधावरच बरे.

मग तुम्ही काय घ्यावं? श्रीखंडाचा डबा, कोकोपीट, बाटलीचं झाकण, करवंटी, चिमटा. तीनशेच्या आत बसतं. कोळी मोठा झाला की प्लॅस्टिकचा पारदर्शक दहा लिटरचा डबा, दोन्ही बाजूंनी भोकं पाडून, निम्म्याच्या वर माती भरून. झाकण घट्ट लागतंय ना तेवढं बघा. उरलेले पैसे कोळ्याच्या खऱ्या किमतीत घाला, थोडं मोठं पिल्लू घ्या, बोटाच्या पेराएवढं तरी. नखाएवढं घेतलं तर चाको फार सावकाश वाढते. दोन वर्षांत माझी आता कुठं अडीच इंचांवर आलीय. सोनेरी पट्टे दिसतात, पण उन्हात धरून बघावं लागतं, आणि उन्हात धरायचं नाही.

करमणूक म्हणून काय मिळतं, असं मेव्हण्यानं विचारलं. काही नाही. दिवसातले तेवीस तास ती हलत नाही. रात्री साडेदहाला दुकानातून येतो, जेवतो, माठातलं पाणी पितो आणि वाकून बघतो. कधी करवंटीच्या दारात पुढचे दोन पाय बाहेर काढून बसलेली असते, कधी माती उचलून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत असते. दिवसभर हातोडी आणि शेतकऱ्यांची घाई ऐकल्यावर तेवढं मला पुरतं.

गेले साडेतीन आठवडे तिनं खाल्लेलं नाही. परवापासून पोट काळं पडलंय, बिळाच्या तोंडाशी जाळं अंथरलंय. आईनं कालच ताटलीत पाणी बदललं आणि कुणाला डब्याजवळ फिरकू देत नाही. पोरीची दहावी चालू आहे, पण पहाटे उठायचा गजर तिनं अभ्यासासाठी लावलेला नाही.